न आलेल्या गाडीचं स्टेशन

नायगावात रेल्वे नाही. कधीच नव्हती. गाडी धरायची तर आम्ही नांदेड गाठतो, नाहीतर उमरी किंवा धर्माबाद. नांदेड–देगलूर–बिदर लाइनचं बोलणं मी शाळेत होतो तेव्हापासून ऐकतोय. निवडणूक जवळ आली की ती लाइन नरसीच्या चौकापर्यंत येते आणि निकाल लागला की परत जाते.

माझ्या घरी माडीवरच्या खोलीत मात्र स्टेशन आहे. फलाट आहे, मालधक्का आहे, तीन सांधे आहेत, पाण्याची टाकी आहे, कोळशाचा ढीग आहे. यार्डाच्या टोकाला गोल खड्डा आहे आणि त्यात इंजिन वळवायचं टर्नटेबल. पाटीवर नाव आहे ‘नायगाव बाजार’. सगळं मिळून साडेतीन मीटर लांब आणि हातभर रुंद. हे उभं करायला मला अकरा वर्षं लागली. त्यातली दोन फक्त टर्नटेबलात गेली. पुढची पानं त्या बांधकामाची आहेत. पण जी गाडी आलीच नाही तिचं शेवटचं स्टेशन का बांधलं, हे सांगितल्याशिवाय करवत हातात देणं बरं नाही.

या नादाला लागलो ते आयर्लंडमुळे. भाचा डब्लिनला नोकरीला. एका दिवाळीला येताना त्यानं मॉडेल रेल्वेचं एक जाड मासिक आणलं, माझ्यासाठी म्हणून नव्हे, विमानात चाळायला घेतलेलं. त्यात क्लिफडेनच्या स्टेशनाचं मॉडेल होतं. आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, अटलांटिकच्या काठावर क्लिफडेन नावाचं लहानसं गाव आहे. गॉलवेहून तिथवर १८९५ मध्ये लाइन गेली. तिकडचा तो भाग दरिद्री, बटाट्यावर जगणारा, वारंवार उपाशी पडणारा. लोकांच्या हाताला काम मिळावं आणि मासळी बाजारात पोचावी म्हणून १८८९ च्या कायद्यानं सरकारनं अशा लाइनींना पैसा दिला. दुष्काळी कामांवर खडी फोडलेल्या मराठवाड्याला ही भाषा समजावून सांगायला नको. त्याच सुमारास वेस्टपोर्टहून अॅकिलला दुसरी लाइन गेली. क्लिफडेनची १९३५ मध्ये बंद पडली, अॅकिलची १९३७ मध्ये. अॅकिलच्या वाटेवर आता लोक सायकली चालवतात.

मासिकातल्या त्या मॉडेलाच्या फोटोत मला दोन गोष्टी खटकल्या. बंद पडून साठ-सत्तर वर्षं झालेल्या स्टेशनाची शेड, तिच्या कौलांसकट, कुणीतरी का बांधत बसावं? आणि गाडी जर इथंच संपते, तर इंजिन गोल फिरवायची एवढी यातायात कशाला? पहिल्याचं उत्तर अजून नीट देता येत नाही. दुसऱ्याचं शोधताना मी लातूरला पोचलो.

लातूरपर्यंत धावणाऱ्या बार्शी लाइट रेल्वेची नुसती आठवण काढली तरी आमच्याकडचे म्हातारे हसतात. चालत्या गाडीतून उतरून आंबे तोडून परत डब्यात बसल्याची गोष्ट प्रत्येकाच्या आजोबांची आहे. इतक्या आजोबांनी तोडले असते तर त्या मार्गावर एक आंबा उरला नसता. या थट्टेमुळे एक गोष्ट झाकली गेली. ही लाइन त्या काळातला फार विचारपूर्वक केलेला प्रयोग होता.

तो करणारा माणूस एव्हरार्ड कॅलथ्रॉप. हा इंग्रज इंजिनिअर १८८२ मध्ये जीआयपी रेल्वेच्या नोकरीसाठी हिंदुस्थानात आला. बार्शी ही कापसाची मोठी पेठ, पण मुंबई–मद्रासची मुख्य लाइन कुर्डुवाडीवरून गेली आणि बार्शी बाजूला राहिली. १८९५ मध्ये, म्हणजे क्लिफडेनला गाडी पोचली त्याच वर्षी, कॅलथ्रॉपनं लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी नोंदवली. मार्च १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी अशी गाडी सुरू झाली. रुळांमधलं अंतर अडीच फूट. माथेरानच्या गाडीशी तिची गल्लत होते, पण माथेरानचे रूळ दोन फुटांवर आहेत. विदर्भातली शकुंतला मात्र गेजच्या नात्यानं बार्शी लाइटची बहीण.

कॅलथ्रॉपचं म्हणणं सरळ होतं. लहान लाइन म्हणजे मोठ्या लाइनीची गरीब नक्कल, असं समजू नका. तिचं गणित वेगळं मांडा. त्यानं एक आकडा धरला. कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये, इंजिन असो की वाघीण. हा आकडा पक्का झाला की बाकीचं आपोआप ठरतं. दर यार्डाला ३० पौंड वजनाचा हलका रूळ पुरतो. पूल हलके होतात, भराव कमी लागतो, वळणं तीव्र चालतात. जड इंजिन हवं असेल तर आस वाढवा. म्हणून लीड्सच्या किटसन कारखान्यात बनलेल्या त्याच्या पहिल्या पाच इंजिनांना आठ चालती चाकं आणि मागं आणखी चार, म्हणजे सहा आस होते. मालवाघिणी दाबीव पोलादाच्या सांगाड्यावर, दोन्ही टोकांना बोगी. सांगाडा एकाच मापाचा, २५ फुटांचा, वर उघडी पेटी बसवा की बंद. आज कंटेनरच्या काळात यात नवल वाटत नाही. १८९७ मध्ये वाटलं होतं.

पुढं हाच माणूस इंग्लंडात लीक अँड मॅनिफोल्ड या लाइनीचा इंजिनिअर झाला. ती १९०४ मध्ये उघडली. गेज तेच अडीच फूट, इंजिनं किटसनचीच. त्यांच्या पुढच्या बाजूचा थाट असा की इंग्लंडच्या हिरव्या दरीत बार्शीची गाडी चुकून शिरली आहे असं वाटावं. ती लाइन अवघी तीस वर्षं जगली, १९३४ मध्ये संपली. तिच्यावर तिकडे पुस्तकं आहेत, नकाशे आहेत, मॉडेलं तर विचारूच नका. आमची लाइन शंभरी ओलांडून गेली आणि आम्ही आंब्याची गोष्ट सांगत बसलो. कॅलथ्रॉपच्या डोक्यात नंतर वैमानिकांसाठी पॅराशूट करायचं शिरलं आणि त्यानं तेही केलं. १९२७ मध्ये तो वारला. त्याच वर्षी बार्शी लाइट मिरजेला पोचली.

तोवर ती बरीच पसरली होती. १९०६ मध्ये पंढरपूर. आषाढीला डबे कमी पडायचे आणि माणसं मिळेल त्या वाघिणीत चढायची. दुसऱ्या बाजूला बार्शीहून पूर्वेकडे पांगरी, रामलिंगचा घाट, येडशी, ढोकी, मुरुड, हरंगुळ असं करत १९११ मध्ये गाडी लातूरला आली. मधे कुठेतरी प्रवासी नकळत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेला असायचा. बार्शी इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात, येडशीपासून पुढं निजामाची हद्द. तिकडे करोडगिरीचं नाकं वेगळं, रुपया वेगळा. इकडे कलदार, तिकडे हाली. लंडनच्या कंपनीची गाडी, इंग्रजी मुलखातून निघालेली, निजामाच्या मुलखात संपणारी. आणि ती संपली लातूरला.

लाइन जिथं संपते तिथं काय होतं, हे बघायचं असेल तर लातूरच्या गंजगोलाईत उभं राहावं. गाडी आल्यावर सहा वर्षांनी, १९१७ मध्ये, फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकारानं ही पेठ आखली. मधे गोल आणि त्या गोलाला येऊन मिळणारे सोळा रस्ते. एकावर सोनार, एकावर कापड, एकावर भुसार, असं. मी कितीतरी वेळा तिथं अंबादेवीच्या देवळाशी थांबून चहूकडे पाहिलंय. टर्नटेबलच्या नादाला लागल्यावर एकदा थांबलो आणि हसूच आलं. मधला गोल हा खड्डा आणि सोळा रस्ते म्हणजे शेडकडे जाणारे रूळ. फैयाजुद्दीनच्या मनात इंजिन असेल असं मी म्हणत नाही. गोल आखण्यामागं त्याचे स्वतःचे हिशोब असतील. पण ज्या गावात गाडी संपते तिथं आलेला माल वळवून सोळा वाटांनी लावायला काहीतरी गोल लागतंच, एवढं खरं.

मग सरळ लातूरचंच मॉडेल का केलं नाही? कारण लातूरचं छोट्या गाडीचं स्टेशन मी पाहिलं ते तिच्या शेवटच्या वर्षांत. १९५४ च्या एक जानेवारीला सरकारनं कंपनी विकत घेतली होती, आणि मी बघितलं तेव्हा सरकारचाही जीव त्यात उरला नव्हता. मला हवा होता १९३५ चा हिवाळा. कापूस घरी येऊन जिनिंगला चाललेला, कंपनी अजून कंपनी असलेली. तो काळ मी पाहिलेला नाही आणि पाहिल्यासारखा आव आणायचा नव्हता. म्हणून लाइनच पुढं नेली. लातूर, चाकूर, अहमदपूर, बालाघाटाचे चढ-उतार, मुखेड, नरसी, नायगाव. आजच्या रस्त्यानं सव्वाशे-दीडशे किलोमीटर. कॅलथ्रॉपच्या रुळाला जड नाही.

खोट्या लाइनी बांधायची ही रीत माझी नव्हे. जॉन अहर्न नावाच्या इंग्रजानं मॅडर व्हॅली नावाची संपूर्ण काल्पनिक रेल्वे, गावांसकट, फळीवर उभी केली. ती आज पेंडनच्या संग्रहालयात जपून ठेवली आहे. या रीतीत एकच पथ्य. लाइन खोटी चालेल, पण तिच्यावरचं एकही काम खोटं चालणार नाही. जे कंपनीनं केलं नसतं ते तुम्ही करायचं नाही. मला सुरुवातीला वाटलं होतं, कल्पनेतलं स्टेशन म्हणजे मोकळं रान. झालं उलटं. खऱ्या स्टेशनाचं मॉडेल करणारा ‘तिथं तसंच होतं’ म्हणून सुटतो. मला प्रत्येक खिळ्याला ‘इथं का?’ हे विचारावं लागलं. पाण्याची टाकी इथं का? कारण विहीर तिकडं. मालधक्का इकडं का? कारण बैलगाड्या नरसीच्या रस्त्यानं येणार आणि इंजिनाच्या धुरानं बैल बुजता कामा नयेत. फोटोत न दिसणाऱ्या गोष्टी मॉडेलात चुकवता येत नाहीत.

आता मापं. माझं मॉडेल एचओ प्रमाणाचं. एचओ म्हणजे मूळ वस्तूचा सत्त्याऐंशीवा भाग. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे, १९९८ मध्ये सुरू झालेलं. तिथल्या गाड्या पाहिल्यात तर हा आकार लगेच डोळ्यात भरेल. बार्शी लाइटचे रूळ अडीच फुटांवर, म्हणजे ७६२ मिलिमीटर. सत्त्याऐंशीनं भागा: ८.७६ येतात. आणि बाजारात एन गेजचा जो तयार रूळ मिळतो त्याचं अंतर ९ मिलिमीटर. पाव मिलिमीटरही फरक नाही. हे मला कळलं त्या रात्री झोप लागली नाही. आयर्लंडच्या मंडळींना हे सुख नाही. त्यांची मोठी लाइन ५ फूट ३ इंचांची, जगात फार थोड्या ठिकाणी असलेली. चार मिलिमीटरला एक फूट या त्यांच्या प्रमाणात तिला २१ मिलिमीटरचा रूळ लागतो आणि दुकानात मिळतो साडेसोळाचा. बहुतेक जण नजर फिरवून साडेसोळावरच गाडी चालवतात. जे फिरवत नाहीत ते आयुष्यभर स्वतःचा रूळ स्वतः जोडतात.

दुसरी एक गंमत. कॅलथ्रॉपच्या वाघिणीची लांबी २५ फूट, म्हणजे गेजच्या बरोबर दहापट. मॉडेलात ८७.६ मिलिमीटर. त्यामुळे माझ्याकडे मोजपट्टी नसली तरी चालतं. एक वाघीण उचलून ठेवली की दहा गेजचं माप. तीनशे मीटरचं यार्ड साडेतीन मीटरमध्ये बसतं आणि माझी भिंत बारा फुटांची. एवढ्यावर नशिबानं साथ सोडली. ३० पौंडी रुळाची उंची सुमारे तीन इंच. मॉडेलात ती एक मिलिमीटरही भरत नाही. तयार रूळ दीड ते दोन मिलिमीटर उंच असतो. शेजारी माणूस उभा केला तर रूळ त्याच्या घोट्याच्याही वर येतो. हे कसं लपवलं ते तिसऱ्या प्रकरणात आहे. थोडक्यात सांगायचं तर माती चढवून.

मातीवरून आठवलं. आपल्या गावची माती आपल्या मॉडेलात घालायचा मोह प्रत्येकाला होतो. मलाही झाला. मन्याडच्या पात्रातली बारीक वाळू आणली, वस्त्रगाळ केली, खडी म्हणून रुळांमध्ये पसरली, पातळ फेविकॉलनं बसवली. दिसायला झकास. आठ दिवसांत दोन इंजिनं गुरगुरायला लागली, तिसरं बंद. उघडून पाहिलं तर आतल्या चुंबकाला काळी दाढी आलेली. आपली काळी माती आणि इथली वाळू बेसॉल्ट झिजून झालेली, त्यात लोहाचे चुंबकाला चिकटणारे कण असतात. शाळेतला चुंबक कागदात गुंडाळून वाळूतून फिरवा. कागदावर काळी मिशी उगवते. सगळी खडी खरवडून काढायला मला एक उन्हाळा लागला. आता मी वीटभट्टीवरची राखाडी भुकटी वापरतो आणि तिच्यावरूनही चुंबक तीनदा फिरवतो. गावाचं प्रेम रंगात दाखवावं, मोटारीत नको.

आता टर्नटेबल.

कॅलथ्रॉपची पहिली इंजिनं टाकीची होती. पाणी आणि कोळसा इंजिनाच्याच अंगावर, मागं वेगळा टेंडर नाही. असं इंजिन दोन्ही दिशांना सारखंच धावतं. टोकाच्या स्टेशनात ते गाडीपासून सुटतं, बाजूच्या लूपनं पलीकडे जातं, दुसऱ्या टोकाला जुंपलं जातं आणि उलट्या तोंडानं परत निघतं. वळवायची गरज नाही. पण लाइन लांबली तसं ओझं वाढलं, आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस टेंडरवाली २-८-२ इंजिनं आली: पुढं दोन चाकं, मधे आठ चालती, मागं दोन, आणि त्यामागं कोळसा-पाण्याचा गाडा. हे इंजिन उलटं हाकून बघा. समोर टेंडरची भिंत, वाऱ्यानं उडणारी कोळशाची पूड थेट ड्रायव्हरच्या डोळ्यांत, आणि हलका टेंडर पुढं धावताना सांध्यावर उड्या मारणार. लातूरपासून नायगावपर्यंत असं कुणी येणार नाही. मी १९३५ साल धरलं त्याच क्षणी इंजिन वळवणं गळ्यात पडलं.

वळवायच्या दोन तऱ्हा. एक म्हणजे त्रिकोण. तीन सांधे, तीन वाकडे रूळ. इंजिन एका बाजूनं शिरून पाठमोरं दुसऱ्या बाजूनं निघतं. त्याला जमीन फार लागते, आणि बाजाराशेजारची जमीन म्हणजे कुणाच्यातरी सात पिढ्यांची. दुसरी तऱ्हा टर्नटेबल. जमीन थोडी, पण खड्डा खणावा लागतो आणि इथं मराठवाडा आडवा येतो. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. अशा मातीत मधल्या खिळीचा पाया घातला तर पहिल्याच मृगात टेबल तिरकं. म्हणून मुरूम लागेपर्यंत खाली जायचं, खड्ड्याची भिंत दगडात बांधायची आणि तळातून पाणी निघून जायला नाली काढायची. माझ्या मॉडेलातली ती नाली कुणाला दिसत नाही. टेबल उचललं तरच दिसते. तरी ती आहे, आणि उतारानं आहे.

खरं टर्नटेबल म्हणजे एका खिळीवर तोललेला पूल. सगळी करामत तोलाची. इंजिन पुलावर अशा जागी उभं राहायला हवं की त्याचं वजन बरोबर मधल्या खिळीवर येईल. मग तीस-चाळीस टनांचा लोखंडी गाडा दोन माणसं लाकडी दांड्याला रेटून फिरवतात. वीतभर पुढं-मागं झालं तर पुलाचं एक टोक खालच्या गोल रुळावर टेकतं आणि चार माणसं लागली तरी तो हलत नाही. त्यात लातूरहून आलेल्या इंजिनाचा टेंडर अर्धा रिकामा झालेला असतो. मागचं वजन घटलं, तोल पुढं सरकला. म्हणजे कालच्या जागी उभं करून आज चालणार नाही. ड्रायव्हर हातभर मागं घेतो, थांबतो, खाली उभा असलेला माणूस दांडा रेटून बघतो, मान हलवतो, आणखी वीतभर. माझ्या फळीवर चार पितळी माणसं उभी आहेत, त्यातला दांड्याजवळचा तो. त्याची मान हलत नाही, पण मान हलवायच्या बेतात आहे असं त्याला वाकवायला मला तीन प्रयत्न लागले.

मॉडेलात वजनाचा प्रश्न नाही. तिथं दुसराच साप निघतो. मी टेबल पन्नास फुटांचं धरलं, म्हणजे १७५ मिलिमीटर. मध्यापासून टोक साडेसत्त्याऐंशी मिलिमीटरवर. टेबल फिरवताना एका अंशानं चुकलात तर टोकाचा रूळ दीड मिलिमीटर सरकतो. नऊ मिलिमीटरच्या रुळात दीड मिलिमीटर म्हणजे खाई. इंजिन सुरळीत जायला एक अंशाचा पाचवा भागसुद्धा जास्त होतो. खिळीसाठी मी पंख्याचं जुनं बेअरिंग वापरलं. गावातल्या मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे पिशवीभर पडलेली असतात. फिरवायला गिटारच्या तारा ताणायची खुंटी. तिच्यात चिमुकला वर्म गिअर असतो, चौदा-पंधरा वळसे दिले तर तार एक वळसा घेते. नांदेडच्या वाद्यांच्या दुकानदारानं ‘एकच खुंटी? गिटार कुठंय?’ असं विचारलं, तेव्हा मी उगाच भाच्याचं नाव पुढं केलं. आणि टेबल जागेवर आलं की कुलूप घालायला रिकाम्या रिफिलच्या नळीत स्वेटर विणायची सुई. सुई आत सरकली की टेबल पक्कं. खऱ्या टर्नटेबललाही असाच अडसर असतो, फक्त मनगटाएवढा.

विजेची भानगड वेगळी. मॉडेलातल्या इंजिनाला वीज रुळांतून मिळते, डाव्या रुळात एक टोक, उजव्यात दुसरं. टेबल अर्धा फेरा फिरलं की त्याचा डावा रूळ बाहेरच्या उजव्याला भिडतो आणि ठिणगी. उपाय जुना आहे. खिळीभोवती तांब्याचं कडं बसवायचं, ते मधोमध कापून दोन अर्धी करायची, आणि दोन स्प्रिंगच्या पट्ट्या त्यावर घासत ठेवायच्या. टेबल वळलं की पट्ट्या आपोआप अर्धी बदलतात, रूळ कधीच चुकीच्या बाजूला जात नाहीत. डीसी मोटारीत कम्युटेटर हेच काम करतो. महागडी इलेक्ट्रॉनिक सोय मिळते, पण इथली वीज दिवसातून चारदा जाते-येते, आणि तांब्याच्या कड्याला वीज गेल्याचं दुःख होत नाही.

हे सगळं जमल्यावर एका रविवारी गल्लीतली पोरं बोलावली. बारा-पंधरा जण, खोलीत उभं राहायला जागा नाही. मी ऐटीत इंजिन टेबलावर घेतलं, खुंटी फिरवली, बोलत बोलत रेग्युलेटर उघडला आणि सुई घालायची विसरलो. इंजिन तोंडघशी खड्ड्यात. समोरचा बफर तुटला, तो आजही नाही. क्षणभर शांतता, आणि मग एक पोरगी म्हणाली, ‘सर, आता गाडी लातूरला कशी जाणार?’ बाकीची पोरं हसली. ती हसली नाही. तिला खरंच काळजी पडली होती. मी त्या दिवशी इंजिन उचलून रुळावर ठेवलं नाही. दोन वाघिणी, एक ओंडका आणि दोऱ्याच्या पुली लावून, खऱ्या यार्डात काढतील तसं बाहेर काढलं. तासभर लागला. कुणी घरी गेलं नाही.

पाण्याच्या टाकीबद्दल एक सांगायचं राहिलं. ती बामच्या डबीची आहे, चार सागवानी खांबांवर. वाफेच्या इंजिनाला कोळशापेक्षा पाण्याची तहान मोठी, म्हणून टोकाच्या स्टेशनाची जागा विहिरीवरून ठरते. ती डबी रंगवत होतो तेव्हा २०१६ चा एप्रिल होता आणि टीव्हीवर लातूरची पाण्याची गाडी दाखवत होते. मिरजेहून निघालेली, दहा टँकर-वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. मी ब्रश खाली ठेवला. तो बार्शी लाइटचाच मार्ग होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. तोवर तो ब्रॉडगेज झालेला. लातूर–उस्मानाबाद २००७ मध्ये, पुढं कुर्डुवाडीपर्यंत २००८ मध्ये. जुनी लाइन उस्मानाबादला बाजूला टाकून जायची, नवी त्या गावातून गेली. गेज बदललं, वळणं बदलली, स्टेशनं बदलली. पण जिथं इंजिनाला पाजायला विहीर शोधत लाइन आली, तिथंच शंभर वर्षांनी गाडीला पाणी वाहून आणावं लागलं. माझ्या टाकीत त्या दिवसापर्यंत पाणी दाखवलेलं नव्हतं. मग मी झाकणाच्या आत चमकतं वॉर्निश ओतलं, काठाच्या बोटभर खाली.

काही गोष्टी अजून अपुऱ्या आहेत. पाटीवर नाव इंग्रजीत आणि मराठीत आहे. १९३५ च्या निजामी मुलखात उर्दू हवंच. ते मला लिहिता येत नाही, आणि छापून चिकटवलं तर हाताच्या अक्षरांशेजारी उपरं दिसतं. बिलोलीचे एक वयस्क गृहस्थ नस्तालिकमध्ये लिहून देतो म्हणालेत, पण अडीच मिलिमीटर उंचीची अक्षरं ऐकून त्यांनी आधी चष्मा बदलून घेतो असं सांगितलं. तिकीट खिडकीवर दोन दर हवेत, हालीत आणि कलदारात. कापसाच्या गाठी झाल्या आहेत, प्रत्येकी चौदा मिलिमीटर, चौऱ्याहत्तर नग. खादीच्या चिंधीत कापूरवडीएवढा लाकडाचा तुकडा गुंडाळून. बैलांच्या शिंगांचं अजून जमलेलं नाही. विकत मिळणारे बैल परदेशी, बिनवशिंडाचे; त्यांच्या पाठीवर लांबीचा ठिपका देऊन आपले करावे लागतात. देवणी बैलाच्या शिंगांचं वळण मात्र अजून आलेलं नाही.

पुस्तकाची मांडणी मी मुद्दाम उलटी केली आहे. बाकीची पुस्तकं रुळापासून सुरू करतात आणि टर्नटेबल शेवटी टाकतात. मी शेवटच्या खड्ड्यापासून सुरू करून मागं लातूरच्या दिशेनं आलो, कारण खड्ड्याची जागा एकदा फळीत कापली की बाकी सगळं तिच्या मानानं ठरतं, आणि ती चुकली तर फळी फुकट जाते. माझ्या दोन गेल्या. एकीचा आता देव्हाऱ्याखाली पाट आहे.

तर पहिल्याच प्रकरणात फळीला १७८ मिलिमीटरचं गोल भोक पाडायचं आहे, टेबलाला भोवती दीड-दीड मिलिमीटर मोकळीक ठेवून. सुताराकडे जाताना मोजपट्टी स्वतःची न्या. त्याच्या पट्टीचा पहिला इंच अर्धा सूत झिजलेला असतो, आणि तो तसा आहे हे त्याला माहीत असतं, तुम्हाला नसतं.